नेपाळी पदवीधरांची ‘टीआर’: पार्श्वभूमी

सिडनी किंवा मेलबर्नमधला नेपाळी विद्यार्थी ज्याला ‘टीआर’ म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत ऑस्ट्रेलियाचा ४८५ क्रमांकाचा तात्पुरता पदवीधर व्हिसा असतो. पदवीच्या प्रवाहातून, म्हणजे पदवीधरांसाठीच्या उपप्रकारातून, मिळालेल्या या व्हिसासाठी मालकाचे प्रायोजकत्व लागत नाही, कामाच्या तासांवर मर्यादा नसते, ठरावीक व्यवसायाचीही अट नसते. मात्र मुदत संपल्यावर पुढे काय, याचे कोणतेही आश्वासन त्यात नसते. ‘टेम्पररी रेसिडेन्सी’चे हे लघुरूप ‘पीआर’च्या, म्हणजे कायम निवासाच्या, शेजारी उच्चारले गेले, की एक ही दुसऱ्याची पहिली पायरी असल्याचा भास होतो आणि काठमांडूच्या पुतलीसडक परिसरातील, परदेशी शिक्षणाचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टन्सींच्या बाजारात हा भास चांगला खपतो. शिक्षण, टीआर आणि पीआर ही तिथे एकाच तिकिटावरची तीन स्थानके असतात. प्रत्यक्षात तिसऱ्या स्थानकाची गाडी वेगळी असून ती वय, इंग्रजी, व्यवसाय आणि अनुभव यांच्या गुणांवर चालते.

हा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. २००१ पासून ऑस्ट्रेलियात शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला देश न सोडता कायम निवासासाठी अर्ज करता येऊ लागला, आणि टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत स्वयंपाकी व केशकर्तनकार आल्यावर ते शिकवणाऱ्या खासगी महाविद्यालयांचे पीक आले. नेपाळी विद्यार्थ्यांची पहिली मोठी लाट याच काळातली आहे. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत नेपाळमध्ये जन्मलेले लोक २००६ मध्ये साडेचार हजारांच्या आसपास होते, ते २०११ मध्ये साडेचोवीस हजारांवर गेले. दरम्यान फेब्रुवारी २०१० मध्ये ती यादीच रद्द झाली आणि अर्धा अभ्यासक्रम संपवलेल्या अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली.

आजच्या व्यवस्थेचे मूळ २०११ च्या एका समीक्षा अहवालात आहे, आणि या विषयातील बहुतेक गुंता त्याच अहवालातून निघालेल्या दोन निर्णयांचा आहे. पहिल्या निर्णयाने पदवीधरांना व्यवसायाची अट न घालता काम करण्याची मुभा दिली: पदवी आणि अध्यापनाधारित (प्रबंधाऐवजी वर्गातील विषयांवर आधारलेल्या) पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे, संशोधनाधारित पदव्युत्तर शिक्षणासाठी तीन, पीएचडीसाठी चार. हा प्रवाह २०१३ मध्ये सुरू झाला. दुसरा निर्णय नोव्हेंबर २०११ पासूनच लागू झाला होता, तो म्हणजे ‘खरोखर तात्पुरता प्रवेशेच्छू’ असल्याचे सिद्ध करण्याची अट. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज तपासणारा अधिकारी अर्जदाराच्या मायदेशातील आर्थिक स्थिती, तिथली राजकीय अस्थिरता, घरची ओढ आणि शिक्षणाचा भावी उपयोग पाहून ही व्यक्ती मुळात तात्पुरत्या मुक्कामासाठीच येत आहे का, हे ठरवू लागला.

दोन्ही नियम कागदावर एकमेकांना छेद देत नाहीत, असे त्यांचे समर्थक म्हणत. दोन वर्षांचे काम हाही तात्पुरताच मुक्काम आहे. परंतु अर्जदाराच्या टेबलावर चित्र निराळे दिसे. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात पदवीनंतरच्या कामाचा हक्क ठळक छापलेला असे आणि त्याच विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्याला आपल्या निवेदनात त्या हक्काचा उल्लेख न करता वडिलांची शेती, पोखऱ्यातील घर आणि काठमांडूत परतल्यावर मिळू शकणारी नोकरी यांविषयी लिहावे लागे. परिणामी निवेदने एकाच साच्यातून निघू लागली, आणि साचा ओळखीचा झाल्यावर तोच संशयाचे कारण ठरू लागला. नेपाळची आर्थिक परिस्थिती हीच परत न जाण्याचे आमिष मानली जाऊ शकत असल्याने, त्याच गुणांच्या श्रीमंत देशातील विद्यार्थ्यापेक्षा नेपाळी विद्यार्थ्यावर पुराव्याचा बोजा जास्त पडे. ही अट मार्च २०२४ मध्ये गेली. तिच्या जागी आलेल्या ‘खरा विद्यार्थी’ या कसोटीत प्रत्येकी १५० शब्दांच्या मर्यादेत प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात आणि पुढे तिथे राहण्याची इच्छा असणे हा दोष मानला जात नाही. बारा वर्षांहून अधिक काळ दडवायला लावलेली गोष्ट अखेर मान्य झाली, ती नेमकी टीआरची दारे अरुंद होण्याच्या वर्षी.

२०१३ च्या सवलतीला एक तारखेची मेख होती, तिची चर्चा फारशी होत नाही. पहिला विद्यार्थी व्हिसा ५ नोव्हेंबर २०११ रोजी किंवा नंतर मागितलेला असेल, तरच नवा प्रवाह खुला होता. म्हणजे २००७ ते २०१० मध्ये आलेली नेपाळींची पहिली मोठी तुकडी, नंतर विद्यापीठाची पदवी मिळवूनही, त्यातून बाहेर राहिली. तिच्यासाठी व्यवसाययादी आणि कौशल्यमूल्यांकनाची अट असलेला, अठरा महिन्यांचा जुना प्रवाह तेवढा उरला.

पात्रतेचे तपशीलही अभ्यासक्रम निवडण्याच्या पद्धतीवर ठसा उमटवून गेले. व्हिसासाठी किमान ९२ आठवड्यांचे नोंदणीकृत शिक्षण, तेही सोळा महिन्यांपेक्षा कमी काळात न आटोपलेले, असावे लागते. म्हणून दीड वर्षात संपणारी पदव्युत्तर पदवी स्वस्त असली तरी नेपाळी विद्यार्थी ती टाळतो. अर्ज अभ्यासक्रम पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि ही मुदत पदवीदान समारंभापासून नव्हे, तर निकाल अधिकृतपणे कळल्याच्या दिवसापासून मोजली जाते. गाऊन घालून छायाचित्र काढेपर्यंत थांबलेल्यांना हा फरक महागात पडू शकतो.

कोविडच्या साथीच्या काळात सीमा बंद राहिल्या, देशाबाहेर अडकलेल्यांचे व्हिसा वाया गेले, आणि त्यांना बदली व्हिसा देण्याची सोय जुलै २०२२ मध्ये झाली. मनुष्यबळाच्या टंचाईने सरकार उदार झाले होते. जुलै २०२३ पासून परिचर्या, माहिती तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, शिक्षकी पेशा अशा निवडक शाखांना दोन वर्षांची वाढ मिळाली आणि त्यांतील पदव्युत्तर पदवीधराची मुदत, जी साथीच्या काळात तीन वर्षे झाली होती, पाच वर्षांवर गेली. हे औदार्य वर्षभर टिकले. १ जुलै २०२४ रोजी वाढ रद्द झाली, अध्यापनाधारित पदव्युत्तर पदवीची मुदत पुन्हा दोन वर्षांवर आली, वयोमर्यादा ५० वरून ३५ झाली आणि टीआरवर असताना देशातूनच पुन्हा विद्यार्थी व्हिसा मागण्याची वाट बंद झाली.

सर्वाधिक वाद वयाच्या अटीचा झाला. संशोधन करणाऱ्यांना विरोधानंतर ५० वर्षांची मर्यादा परत मिळाली. इतरांना मिळाली नाही, आणि आधीच शिकत असलेल्यांनाही ३५ ची अट लागू झाली. नेपाळमध्ये बारावीनंतर चार वर्षांची पदवी, मग काही वर्षे नोकरी, मग कर्जाची जुळवाजुळव असा क्रम अनेकांचा असतो. चौतिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या एमबीएला बसलेली व्यक्ती पदवी हाती येईपर्यंत छत्तिशीत पोहोचते आणि तिच्यासाठी टीआर उरत नाही. नियम बदलण्याआधी प्रवेश घेतलेल्यांना मात्र ती वाट तेव्हा खुली होती. नियम पुढच्या तुकडीपासून लागू केला असता, तर धोरणाचा हेतू बुडाला असता असे दिसत नाही. भारतीय नागरिकांचा अनुभव इथे वेगळा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या व्यापार करारामुळे त्यांची मुदत पदव्युत्तरसाठी तीन आणि पीएचडीसाठी चार वर्षे राहिली. एकाच वर्गात शेजारी बसलेल्या नागपूरच्या आणि बुटवलच्या विद्यार्थ्याला एकाच पदवीवर वेगवेगळी मुदत मिळते, कारण नेपाळशी असा करार नाही.

अन्य देशांतही दारे उघडण्या-मिटण्याचा क्रम असाच आहे. ब्रिटनने अशी सवलत २०१२ मध्ये बंद केली, २०२१ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीची म्हणून पुन्हा सुरू केली आणि जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना, पीएचडी वगळता, ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरवले. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून भाषापरीक्षेची आणि अनेक पदविकांसाठी शाखेची अट घातली. जपानमध्ये नेपाळी विद्यार्थी आता संख्येने दुसऱ्या क्रमांकावर आहेत, पण तिथे शिक्षणानंतर खुला कामाचा व्हिसा नाही. नोकरी शोधण्यासाठी सहा महिने, आणि एकदा वाढवून घेतल्यास वर्षभर मिळते.

नेपाळच्या बाजूने या प्रवासाची नोंद, परदेशी शिकायला जाताना लागणाऱ्या शिक्षण खात्याच्या ना हरकत पत्रापाशी थांबते. अलीकडे वर्षाला लाखाच्या वर अशी पत्रे दिली गेली आहेत. भारतात शिकायला ते लागत नाही. आखात किंवा मलेशियाला जाणाऱ्या कामगाराची गणना श्रम स्वीकृतीच्या, म्हणजे परदेशी कामाच्या सरकारी परवानगीच्या, वेगळ्या खात्यात होते. टीआरवर मेलबर्नच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी पदवीधर परिचारिका ना हरकत पत्राच्या आकड्यात अजूनही विद्यार्थिनीच असते.