गोळीच्या पैशात मालकाचा धर्म कुठून आला?

अमेरिकेत गर्भनिरोधक गोळ्या विम्यात बसवायच्या की नाही यावरून टीव्हीवर दर थोड्या वर्षांनी जुंपते, आणि आपल्याकडच्या माणसाला कळत नाही की बाईच्या गोळीत कंपनीच्या मालकाचा धर्म आलाच कुठून. तो आला युद्धातून. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीला चाप लावला, मग माणसं मिळवायची कशी, तर कंपन्यांनी आरोग्य विमा देऊ केला आणि युद्ध संपलं तरी ती पद्धत चिकटून राहिली. म्हणजे विमा हा खरं तर पगारच, पण मालकाला वाटतं आपण पदरचं देतोय. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको, नोकरीबरोबर विमाही जातो हे त्यांना पाठ असतं.

गर्भनिरोधनाची गोष्ट वेगळी आणि त्याहून जुनी. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने ही साधनंच काय, त्यांची माहितीसुद्धा पोस्टाने पाठवणं गुन्हा ठरवलं होतं. मार्गारेट सँगरबाईंनी १९१६ ला ब्रुकलिनमध्ये गर्भनिरोधनाचा दवाखाना काढला तर दहा-बारा दिवसात पोलीस दारात. (याच बाई १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेल्या, पण कृत्रिम साधनं गांधीजींनी काही मानली नाहीत.) १९६० ला गोळीला मंजुरी मिळाली, नवरा-बायकोला ती वापरायचा हक्क सुप्रीम कोर्टाने दिला १९६५ ला, बिनलग्नाच्यांना १९७२ ला.

विम्याचा मुद्दा खरा पेटला १९९८ मध्ये. व्हायाग्रा बाजारात आली, बऱ्याच विमा कंपन्या लगेच तिचे पैसे द्यायला लागल्या, मग बायकांनी विचारलं, आणि आमच्या गोळीचं काय? त्याच वर्षी मेरीलँडने राज्यापुरता कायदा केला. पुढे ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली गर्भनिरोधन फुकट द्यायचा नियम आला, चर्चना सूट होती पण धार्मिक संस्थांच्या हॉस्पिटल-कॉलेजांना नव्हती, तिथे कृत्रिम गर्भनिरोधन पाप मानणारे कॅथलिक बिशप भडकले.

१६ फेब्रुवारी २०१२ ला संसदेच्या समितीत यावर सुनावणी झाली आणि पहिल्या फळीतले साक्षीदार सगळे पुरुष. सँड्रा फ्लूक नावाच्या, जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठातल्या लॉ स्टुडंटला बोलूच दिलं नाही. आठवड्याने डेमोक्रॅट्सनी बोलावल्यावर तिने मैत्रिणीची गोष्ट सांगितली. मैत्रिणीला पीसीओएस, म्हणजे बीजकोशाचा हार्मोन्सशी संबंधित विकार, गोळी त्यासाठीच हवी होती, पण विमावाल्यांना संशय की ही गर्भनिरोधनासाठीच घेत असणार, खिशातून महिन्याला शंभराच्या वर डॉलर जायला लागले, शेवटी तिने गोळी बंद केली आणि पुढे तिचं एक बीजकोश काढावं लागलं.

यावर उजव्या विचारांचा रेडिओवाला रश लिंबॉ बोलला काय, तर फ्लूकला थेट वेश्या म्हणाला, आणि हिला इतका सेक्स हवाय की गोळ्या परवडत नाहीत आणि पैसे करदात्यांनी भरायचे असा सूर लावला. अरे बाबा, गोळी रोज एकच घ्यायची असते, सेक्स कितीही असो वा नसो! आणि पैसे करदात्यांचे नव्हतेच, विद्यार्थी स्वतः हप्ता भरत होते. ओबामांनी फ्लूकला फोन केला, जाहिरातदार पळायला लागले, ३ मार्चला त्याने माफी मागितली. मग उजवीकडचे म्हणाले, तुमच्या बाजूचा टीव्हीवरचा विनोदवीर बिल मार याने आमच्या नेत्या सेरा पेलिनला शिव्या घातल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? झालं, चर्चा कोणाची जीभ जास्त घाण यावर गेली आणि ते बीजकोश राहिलं बाजूला. माझ्या मते श्रद्धेविरुद्धच्या गोष्टीचे पैसे आम्हाला भरायला लावू नका हा बिशपांचा सदसद्विवेकाचा मुद्दा निदान वाद घालण्याजोगा तरी होता, पण तोही या धुरळ्यात गेला.

नंतरचं सगळं कोर्टात. २०१४ ला हॉबी लॉबी या दुकानांच्या कंपनीला मालकांच्या श्रद्धेपायी सूट मिळाली, ५ विरुद्ध ४, आणि २०२० मध्ये ट्रम्पने अशा मालकांना दिलेल्या वाढीव सवलतीही सुप्रीम कोर्टात टिकल्या. २०२३ ला ओपिल नावाच्या गोळीला चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी मिळाली, आता ती महिन्याला वीसेक डॉलरला शेल्फवर असते. पण पैसे विम्यातून हवे असतील तर बहुतेक प्लॅन अजून डॉक्टरची चिठ्ठीच मागतात.