डॅनिश क्रोन की स्वीडिश क्रोना? घोळ नेमका कुठे होतो

डेन्मार्कच्या कोपनहेगनला ट्रेन पकडली की समुद्रावरचा पूल ओलांडून माणूस पाऊण तासाच्या आत स्वीडनमधल्या माल्मोला पोचतो, आणि दोन्हीकडे भावापुढे तेच 'केआर' (kr) लिहिलेलं, त्यामुळे रुपयात हिशोब करताना हमखास घोळ होतो. ही दोन वेगळी चलनं आहेत बरं का. गेली काही वर्षं एका डॅनिश क्रोनला साधारण दीड स्वीडिश क्रोना मिळतात.

एकेकाळी मात्र दोन्ही अगदी बरोबरीत होती. १८७३ ला दोन्ही देशांनी आपली 'डालर' नावाची जुनी चलनं सोडून सोन्याचं एकच माप धरलं, २४८० क्रोन म्हणजे एक किलो शुद्ध सोनं, १८७५ ला नॉर्वेही आत आला आणि एकाची नाणी दुसऱ्याकडे बिनधास्त चालायची. १९१४ ला महायुद्ध पेटलं, नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद झालं, मग प्रत्येकाचा भाव आपापल्या वाटेने गेला.

आजचा खरा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही. युरोला डेन्मार्कने २००० च्या सार्वमतात नाही म्हटलं, स्वीडनने २००३ च्या, म्हणून वाटतं दोघं सारखेच बाहेर आहेत. अजिबात नाही! डॅनिश क्रोन युरोला बांधलेला आहे, १ युरोला ७.४६ च्या आसपास, नियमाने सव्वादोन टक्के इकडेतिकडे चालतं पण तो तेवढाही हलत नाही. स्वीडिश क्रोना बाजारावर सोडलाय. त्यांनीही आधी बांधून ठेवला होता, पण सप्टेंबर १९९२ मध्ये सट्टेवाले तुटून पडले तेव्हा रिक्सबँकेने, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, तो वाचवायला एक व्याजदर थेट ५०० टक्क्यांवर नेला, हो ५००, आणि तरी १९ नोव्हेंबरला हात टेकावेच लागले. डेन्मार्कवर २०१५ ला उलटं संकट आलं, क्रोन महाग होणार म्हणून लोक तो विकत घेत सुटले, तेव्हा तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे नॅशनल बँकेने, व्याजदर शून्याच्याही खाली, उणे ०.७५ टक्क्यांवर नेला आणि युरोशी बांधलेली गाठ सुटू दिली नाही. एवढ्याशा देशाने हे निभावलं याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

सुटे पैसे एकत्र झाले तर डॅनिश १, २ आणि ५ च्या नाण्यांना मधे भोक असतं, आजच्या स्वीडिश नाण्यांना नसतं. पण नॉर्वेच्या १ आणि ५ लाही भोक आहे, तिथे देशाचं नाव वाचूनच खात्री करा.