मानव्यविद्यांतील अभ्यास व उत्तरलेखन

इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान इत्यादी विषयांच्या विद्यापीठीय परीक्षांत उत्तम गुण मिळण्यासाठी वाचन, टिपणे आणि लेखन यांची जी शिस्त अंगी बाणवावी लागते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. सातारा-सांगली परिसरात कला शाखेचे उच्च शिक्षण सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९), साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज (१९४७) यांसारख्या संस्थांतून रुजले आणि १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली.

या विषयांत माहितीला गुण असतातच; पण वरचे गुण माहितीच्या मांडणीला मिळतात. ‘वर्णन करा’, ‘चिकित्सा करा’ आणि ‘मूल्यमापन करा’ या तिन्ही प्रश्नांना एकच पाठ केलेले उत्तर लिहिणारा विद्यार्थी पुरवण्या कितीही जोडो, मधल्या श्रेणीतच राहतो. उदाहरणार्थ, १९४३ ते १९४६ या काळातील साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या लोकांच्या सरकारचे, मूल्यमापन करावयाचे असल्यास त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील, तुफान सेना हे त्याचे दल, न्यायदान मंडळे, दारूबंदी आणि कमी खर्चाचे गांधी विवाह हे मुद्दे बहुतेक उत्तरपत्रिकांत आढळतात. चांगले उत्तर मात्र आरंभीच एक भूमिका घेते: हा केवळ ब्रिटिशविरोधी लढा होता, की सावकार आणि गावगुंड यांच्या जाचातून गाव सोडवण्याचा प्रयत्नही होता? त्यानंतरचा प्रत्येक परिच्छेद त्या भूमिकेला पुरावा पुरवतो आणि चळवळीने दिलेल्या कठोर शिक्षांसारखी अडचणीची बाजूही टाळत नाही. चळवळीचे महत्त्वाचे केंद्र असलेले कुंडल आज सांगली जिल्ह्यात असले, तरी त्या काळी ते औंध संस्थानात होते. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. असा तपशील नेमक्या जागी आला, की विद्यार्थ्याने गाइडपलीकडे वाचले आहे हे परीक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

गाइड आणि झेरॉक्सच्या नोट्स सरसकट निषिद्ध मानण्याचे कारण नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीसाठी त्या उपयोगी पडतात. मात्र अभ्यासाचा आरंभच त्यांच्यापासून केला, तर शेकडो उत्तरपत्रिकांत एकच प्रस्तावना आणि तोच समारोप उतरतो. विषयाचा आवाका समजून घेण्यासाठी सातारा जिल्ह्यातीलच वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली आकारास आलेला मराठी विश्वकोश सोयीचा आहे. त्यातील नोंद वाचून नोंदीखालच्या संदर्भांपैकी एखादा ग्रंथ मिळवावा आणि त्यातील एक तरी प्रकरण मुळातून वाचावे. टिपण काढताना लेखकाचे म्हणणे, त्याचा आधार, पृष्ठक्रमांक आणि स्वतःची शंका वेगवेगळी लिहून ठेवावी, नाहीतर महिन्याभरानंतर कोणते वाक्य ग्रंथातले आणि कोणते आपले हे ओळखू येत नाही.

स्मरणाच्या बाबतीत वारंवार वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणे अधिक फलदायी ठरते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, तर आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे. आदल्या दिवशी केलेले पाठांतर पुरेसे वाटते, याचे कारण हेच असावे. मागील प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न घेऊन त्याचा आराखडा स्मरणातून मांडणे आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक दीर्घोत्तरी प्रश्न पूर्ण लिहिणे, हा सराव त्यामुळे उपयुक्त ठरतो. लिहिलेले उत्तर प्राध्यापकांना दाखवून घेण्याचा संकोच ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांत विशेष दिसतो. तो लवकर मोडलेला बरा, कारण युक्तिवादातील खिंडार लिहिणाऱ्याला स्वतःला क्वचितच दिसते.

प्रत्यक्ष परीक्षेत वेळेची विभागणी गुणांच्या प्रमाणात करावी. आवडत्या प्रश्नावर तासभर घालवून शेवटच्या टिपा दोन-दोन ओळींत उरकणे, हा हुशार विद्यार्थ्यांचाच नेहमीचा दोष आहे.