परसबागेची माती: टिलर फिरवावा की कुदळ चालवावी?

पाऊस तोंडावर आला की परसबागेची जमीन तयार करण्याची घाई होते आणि पॉवर टिलर भाड्याने आणावा की कुदळ-फावड्यावरच भागवावे, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक जण त्याचे उत्तर कष्ट आणि पैसा यांच्या हिशेबाने देतात. गुंठाभर जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ती कुदळीने खणताना एकट्या माणसाची पाठ मोडते आणि टिलर तेच काम बघता बघता उरकतो, हे खरेच आहे. पण या हिशेबात मातीची बाजू धरलेली नसते आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरूनच व्हायला हवा.

बागेच्या चांगल्या मातीत आकारमानाचा जेमतेम निम्मा भाग घन असतो. उरलेल्या पोकळीत पाणी आणि हवा असते. ही पोकळी टिकते ती कणरचनेमुळे. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे सूक्ष्म कण एकत्र येऊन लहान-मोठे रवाळ गोळे बनतात आणि जिवाणूंनी स्रवलेले चिकट पदार्थ, बुरशीचे तंतू, बारीक मुळ्या व गांडुळांची विष्ठा त्यांना बांधून ठेवतात. यातील गांडुळांचा वाटा केवढा मोठा असतो, याचा अंदाज चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली मांडला होता: इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन वर येते. ही मशागत फुकट होते आणि तिच्यात माती पिठासारखी होत नाही.

फिरत्या पात्यांनी जमीन फोडण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ साली केले. नांगरटीत जमीन दबते, तसे या पद्धतीत होत नाही, असे त्यांना दिसले होते. सुरुवातीचे यंत्र माती बाजूला फेकत असे, म्हणून त्यांनी काटकोनात वाकवलेली पाती बसवली. आजच्या टिलरलाही बहुधा त्याच घडणीची पाती असतात. ती जमीन एका फेरीत भुसभुशीत करतात, परंतु त्याच वेळी बुरशीचे तंतू तोडतात, गांडुळांची बिळे बुजवतात आणि रवाळ गोळ्यांचा भुगा करतात. शिवाय एकदम मिसळलेल्या हवेमुळे जिवाणूंची हालचाल वाढते आणि मातीतील सेंद्रिय पदार्थ लवकर जळून जातात. आपल्या उष्ण हवेत हा वेग आणखी जास्त असतो.

याची परीक्षा घरी करता येते. वारंवार टिलर फिरवलेल्या वाफ्यातील एक आणि वर्षानुवर्षे न हलवलेल्या झाडाखालचे एक, अशी बोराएवढी दोन ढेकळे सावलीत पूर्ण वाळवावीत आणि पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत अलगद सोडावीत. पहिले ढेकूळ बहुधा काही मिनिटांत विरघळून तळाशी गाळ होऊन बसते आणि पाणी गढूळ होते, तर दुसरे बराच वेळ आपला आकार धरून राहते. पहिल्या पावसात वाफ्यावर नेमके हेच घडते. सुटे झालेले बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, ऊन पडले की पृष्ठभागाला पापडी धरते आणि मेथी-कोथिंबिरीचे कोवळे अंकुर तिच्याखाली अडकतात.

तरीही यंत्र की हात, यापेक्षा मोठा प्रश्न वाफशाचा, म्हणजे जमिनीत मशागतीजोगी ओल असण्याचा आहे. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. ओल जास्त असताना टिलर चालवला, तर पाती माती कापण्याऐवजी लिंपत जातात आणि १०-१५ सेंटिमीटर खोलीवर एक गुळगुळीत, घट्ट थर तयार होतो, ज्यातून पाणी खाली उतरत नाही आणि मुळ्या आडव्या पसरतात. ओल्या मातीत कुदळीनेही नुकसान होतेच, पण हाताला जडपणा लगेच जाणवतो आणि माणूस थांबतो. इंजिन थांबत नाही. म्हणून वीतभर खोलीवरची मूठभर माती घ्यावी, तिचा लाडू वळावा आणि कमरेच्या उंचीवरून तो खाली टाकावा. तो चपटा झाला तर वाफसा आलेला नाही, फुटून मोकळा झाला तर काम सुरू करावे, आणि लाडू वळलाच नाही तर जमीन फार कोरडी आहे.

काळ्या जमिनीचा आणखी एक गुण परसबाग करणाऱ्यांनी ओळखायला हवा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरची माती त्यांत गळून पडते आणि पावसात फुगताना खालची माती वर ढकलली जाते, म्हणूनच ती स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. अशा जागी मोठी ढेकळे उन्हात तापू देणे आणि वळवाच्या सरींनी फुटू देणे, हे कोणत्याही अवजारापेक्षा सरस ठरते. कोकणातील जांभ्या जमिनीत मात्र माती उथळ आणि दगड-गोटे फार, त्यामुळे पाती उडतात किंवा बोथट होतात. तिथे पहार आणि टिकावाला पर्याय नाही.

आता तणांविषयी. तणांच्या बिया मातीत आश्चर्य वाटावे इतका काळ जिवंत राहतात. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील यांनी १८७९ साली बियांच्या २० बाटल्या पुरून ठेवल्या. त्यांपैकी २०२१ मध्ये उकरलेल्या एका बाटलीतील काही बिया सुमारे १४२ वर्षांनंतरही उगवल्या. ती बाटली अंधारात काढली गेली, कारण अनेक बियांना प्रकाशाचा क्षणिक स्पर्शही उगवणीचा इशारा ठरतो. टिलर अशा दडलेल्या असंख्य बिया वर आणून उजेड दाखवतो. हराळी आणि लव्हाळा यांच्या बाबतीत तर तो थेट लावणीच करतो, कारण हराळीच्या तुटलेल्या प्रत्येक पेरापासून आणि लव्हाळ्याच्या साखळीतून सुट्या झालेल्या प्रत्येक गाठीपासून नवे रोप येऊ शकते. अशा जागेत खुरप्याने किंवा दाते असलेल्या फोर्कने माती सैल करून गाठी वेचणे कंटाळवाणे असले, तरी उपाय तोच आहे.

मग टिलर कधी आणावा? बांधकामाच्या वाहनांनी चेपलेली किंवा वर्षानुवर्षे पडीक असलेली चार-पाच गुंठे जागा प्रथमच बागेखाली आणायची असेल, तर जरूर आणावा. हिरवळीचे खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडायचा असेल, भरपूर शेणखत मिसळायचे असेल, तरीही तो उपयोगी पडतो. एवढे झाल्यावर वाफे आणि पायवाटा कायमच्या आखून घ्याव्यात, वाफ्यावर पाय देऊ नये, आच्छादन ठेवावे आणि पुढची मशागत फोर्क व खुरप्याने करावी. फोर्क मातीत उभा घुसवून दांडा मागे ओढला की जमीन उचलली जाते, उलटत नाही, आणि बिळे व तंतू बऱ्याच अंशी शाबूत राहतात.

भाड्याचा टिलर लावताना एकच खोल फेरी मारण्यापेक्षा दोन उथळ फेऱ्या माराव्यात आणि नंतर फोर्कने तळाचा थर ठिकठिकाणी उचकटावा. यंत्र आवारात घेण्यापूर्वी त्याची पाती आणि चाके धुऊन घ्यावीत, कारण आदल्या शेतातला लव्हाळा बहुतेक वेळा त्यांना चिकटलेल्या मातीतूनच आपल्या बागेत येतो.