किशोरवयीन लैंगिक आरोग्य व शालेय लैंगिक शिक्षण : कोकण किनारपट्टी

१० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींची शारीरिक वाढ, प्रजनन आरोग्य, लैंगिक वर्तन आणि लैंगिक अत्याचारापासून संरक्षण यांविषयीचे संशोधन व त्यावर आधारलेले शालेय शिक्षण. वयोमर्यादा जागतिक आरोग्य संघटनेची आहे. कोकणात या शिक्षणाचे प्रश्न घाटावरच्या शाळांपेक्षा काहीसे वेगळे आहेत. वाड्या लहान, शाळांचा पट कमी आणि गावात कोणीच कोणाला परके नाही, हे त्याचे मुख्य कारण होय.

संज्ञा : मराठीत या विषयाला एकच नाव रुळलेले नाही. जुन्या लेखनात ‘कामशास्त्र’ हा शब्द येतो. लोकसंख्या शिक्षणाच्या काळात ‘कुटुंबजीवन शिक्षण’ आणि १९९३ च्या राष्ट्रीय परिसंवादानंतर ‘किशोरावस्था शिक्षण’ हे शब्द सरकारी कागदपत्रांत आले. ‘लैंगिक शिक्षण’ सर्वांत प्रचलित असले, तरी ‘लिंग’ या शब्दाचा बोलीतला अर्थ अवयवापुरता असल्याने पालकसभेत तो पहिल्याच मिनिटाला अडतो. म्हणून बरेच शिक्षक ‘वयात येताना’ असे म्हणतात. येथे तोच शब्दप्रयोग अधिक सोयीचा वाटतो. बोलीतले शब्दही पाहण्यासारखे आहेत. मुलीला ‘न्हाण येते’, ‘पदर येतो’, मग ती ‘बाहेर बसते’ किंवा तिला ‘कावळा शिवतो’. मुलाला ‘मिसरूड फुटते’ आणि त्याचा ‘आवाज फुटतो’, म्हणजे जे चारचौघांना दिसते-ऐकू येते तेवढेच. झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाला मात्र ‘धातू जाणे’ हा आजाराचाच शब्द आहे. मुलीच्या वाट्याला विटाळाची भाषा येते, तर मुलाच्या वाट्याला रोगाची. या भीतीतून थकवा, निरुत्साह, लघवीतून धातू जात असल्याची खात्री अशी लक्षणे घेऊन येणाऱ्या तरुणांसाठी मनोविकारतज्ज्ञ न. ना. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ ही संज्ञा वापरली.

आरंभ : महाराष्ट्रात या शिक्षणाची सुरुवात कोठून धरावी याविषयी एकमत नाही. एका मताप्रमाणे आरंभ रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांच्यापासून होतो. कर्वे घराणे दापोली तालुक्यातील मुरुडचे. रघुनाथरावांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले (बहुधा १९२१) आणि जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. हे केंद्र भारतातील पहिले असे सर्रास लिहिले जाते. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही १९२१ चेच असल्याने कर्व्यांचे केंद्र त्याच्या आधीचे की नंतरचे अशी चर्चाही होते. ती फारशी फलदायी नाही. केंद्र प्रौढ दांपत्यांसाठी होते आणि मासिकही शाळकरी मुलांसाठी नव्हते, म्हणून दुसरे मत शालेय शिक्षणाचा आरंभ फार पुढे, १९८० च्या राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्पापासून धरते. शाळेच्या दृष्टीने दुसरे मत बरोबर आहे. पद्धतीच्या दृष्टीने मात्र पहिले मत सोडता येत नाही. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना न लाजता, शास्त्रीय आणि मोजक्या शब्दांत छापील उत्तर द्यायचे, ही आजच्या प्रश्नपेटीचीच (वर्गात निनावी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायची पेटी) रीत आहे. अशा उत्तरांवरूनच कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला.

सरकारी धोरण : केंद्र सरकारचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम २००५ मध्ये आला. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबविला, आणि २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही त्याविरुद्ध मत दिले. त्याच वर्षी युनेस्कोने प्रसिद्ध केलेल्या व २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत, अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक वर्तन वाढत नाही, असा निरनिराळ्या देशांतील अभ्यासांचा निष्कर्ष आहे. ७ जानेवारी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू असून महाराष्ट्रात त्याची ‘मैत्री’ क्लिनिके (किशोरवयीनांसाठी आरोग्यसल्ल्याची केंद्रे) सरकारी रुग्णालयांत चालतात. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाचे प्रकरण आहे. ते ‘घरी वाचा’ म्हणून सोडले गेले, तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त आकृती उरते.

संशोधन : किनारपट्टीवरचा महत्त्वाचा शालेय अभ्यास गोव्यातला आहे. विक्रम पटेल व ग्रेसी अँड्र्यू यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पाहणीत आठ उच्च माध्यमिक शाळांतील अकरावीचे ८११ विद्यार्थी होते. मागील १२ महिन्यांत कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सुमारे एक तृतीयांश मुलामुलींनी, आणि जबरी संभोग झाल्याचे सुमारे ६ टक्के जणांनी नोंदविले. हा प्रश्न फक्त मुलींचा, ही समजूत त्याने मोडली. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील गटपाहणीत (एकाच गटाचा दीर्घकाळ पाठपुरावा) रत्नागिरी जिल्ह्यातील १६ ते १८ वर्षांच्या पंधराशेहून अधिक मुली आहेत, पण तिचा भर पोषण व वाढीवर आहे. महाराष्ट्रासह सहा राज्यांत २००६-०७ मध्ये झालेल्या युवा पाहणीत १५ ते २४ वयाच्या केवळ १५ टक्के जणांना असे शिक्षण मिळालेले होते.

आकडे मिळतात कसे, यावर त्यांचा अर्थ ठरतो. समोरासमोर विचारले तर मुली कमी सांगतात आणि मुले फुगवून सांगतात. म्हणून युवा पाहणीत नाजूक प्रश्नाचे उत्तर कार्डावर लिहून पाकिटात बंद करायची सोय होती. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती व मुलाची स्वतःची सहमती अशा दोन्ही गोष्टी लागतात. फॉर्म घरी गेला की विषय घरी कळतो, आणि ज्यांना सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते तीच मुले गळतात.

कोण शिकवतो, याचे उत्तर बिहारमधील ‘सेहर’ चाचणीत (२०१८) सापडते. हा कार्यक्रम नेमलेल्या समुपदेशकाने राबविला तेथे शाळेचे वातावरण व मुलांचे आरोग्य सुधारले, शिक्षकाने राबविला तेथे परिणाम दिसला नाही. कोकणात शिक्षक अनेकदा वडिलांचा मित्र किंवा शेजारी असतो, हे ध्यानात घेता हा निष्कर्ष येथे अधिकच लागू पडावा.

प्रश्नपेटी : वर्गातील सर्वांत उपयोगी साधन. सर्वांना एकाच आकाराचे कागद व एकाच रंगाचे पेन द्यावे. प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ असे लिहावे, म्हणजे कोण लिहितो ते कळत नाही. कागद दोनदा दुमडून पेटीत टाकावेत. त्याच तासाला उत्तरे देऊ नयेत. चिठ्ठ्या घरी वाचून, सारखे प्रश्न एकत्र करून, दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत वाचाव्यात. ५० मुलांच्या वर्गात हे चालते. ८-१० मुलांच्या वर्गात शिक्षक अक्षर ओळखतो, मुलांना ते ठाऊक असते, आणि पेटीत कोऱ्या चिठ्ठ्या पडतात. यावर उपाय दोन : शाळांच्या एका केंद्रातील (जवळच्या शाळांच्या गटातील) तीन-चार शाळांच्या चिठ्ठ्या एकत्र करणे, किंवा २०-२५ छापील प्रश्नांवर नुसती खूण करायला सांगणे. दुसरा उपाय सोपा, पण छापील यादीबाहेरचा प्रश्न हरवतो. मुलांचे व मुलींचे पहिले दोन तास वेगळे आणि शेवटचा एकत्र घेतलेला बरा. सगळेच वेगळे घेतले तर मुलांना पाळीविषयी काहीच कळत नाही.

पाळीची स्वच्छता : पहिली काही वर्षे चक्र २१ ते ४५ दिवसांचे असू शकते. १५ वर्षांपर्यंत पाळी न आल्यास डॉक्टरांना दाखवावे. कापडाची घडी किंवा पॅड ४ ते ६ तासांनी बदलावे. कापड आधी गार पाण्यात धुवावे, कारण कढत पाण्याने डाग पक्का बसतो. नंतर साबण लावून ते उन्हात वाळवावे. कोकणात अडते ते येथेच. जून ते सप्टेंबर ऊन नसते, आणि उरलेल्या दिवसांतही कापड पडवीच्या दोरीवर परकराखाली लपवले जाते. ओलसर कापडाने जांघेत खाज व बुरशी होते. पावसाळ्यात कापडावर गरम इस्त्री फिरवावी किंवा पॅड वापरावे. राज्य सरकारच्या अस्मिता योजनेत (२०१८) जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत मिळे. वापरलेले पॅड संडासात टाकल्यास भांडे तुंबते व खड्डा लवकर भरतो, म्हणून मुलींच्या संडासात झाकणाचा डबा हवाच.

कायदा : पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. गोव्यात त्याआधीच, २००३ मध्ये, बाल कायदा झाला होता. अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडविल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे ‘तू सांगितलेले कोणालाच सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने कधीही देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय कळवावेच लागेल, हे पहिल्याच तासाला स्पष्ट सांगावे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची व पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने कळविताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरविले आहे.

शाळेबाहेरची मुले : रायगडमधील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाआधी परततात. त्यांच्या मुलींची लग्ने लवकर होतात आणि शाळेतला तास त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मराठवाड्यात पाचोड येथील संस्थेने शाळाबाह्य मुलींसाठी वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास जीवनकौशल्याचे वर्ग चालविले, तेथे लग्नाचे मध्यक वय (ज्या वयापर्यंत निम्म्या मुलींची लग्ने होतात ते) १६ वरून १७ झाले. कोकणात हाच अभ्यासक्रम जून ते ऑक्टोबर या महिन्यांत बसवावा लागेल, आणि वर्गही शाळेऐवजी वाडीतच भरवावा लागेल.