महापौर, महिला (नाशिक)

नाशिक महानगरपालिकेच्या महापौरपदावर बसलेली स्त्री. ‘महापौर’ला मराठीत स्त्रीलिंगी रूप रुळलेले नाही, सभागृहात ‘महापौर मॅडम’ आणि प्रभागात नुसते ‘ताई’ यांवर काम भागते.

नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महापालिका स्थापन झाली. पहिली दहा वर्षे कारभार प्रशासकाकडे होता, पहिली निवडणूक १९९२ मध्ये झाली. शहराच्या पहिल्या महिला महापौर काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव. महापौरपद हे बहुतेकांच्या राजकारणाचे शेवटचे स्टेशन ठरते. बच्छाव यांच्यासाठी ते पहिले मोठे स्टेशन होते. २००४ मध्ये त्या नाशिकमधून विधानसभेवर गेल्या, पुढे राज्यमंत्री झाल्या, आणि २०२४ मध्ये धुळे लोकसभा मतदारसंघात भाजपचे सुभाष भामरे यांचा ३,८३१ मतांनी पराभव करून खासदार झाल्या. धुळ्यात त्यांना ‘बाहेरच्या’ म्हटले गेले. आक्षेप अर्धाच खरा, कारण त्या मतदारसंघातील सहापैकी तीन विधानसभा क्षेत्रे, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण, नाशिक जिल्ह्यातलीच आहेत.

बच्छाव यांच्यानंतर शिवसेनेच्या नयना घोलप आणि भाजपच्या रंजना भानसी महापौरपदावर आल्या.

पद मानाचे, पण हात बांधलेले. महापौर महासभा चालवतात. निविदा, बदल्या, अंमलबजावणी ही राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांची कामे, आणि तिजोरीच्या चाव्या बऱ्याच अंशी १६ सदस्यांच्या स्थायी समितीकडे. २०१७ मध्ये १२२ पैकी ६६ जागा जिंकून भाजपने एकहाती सत्ता मिळवली आणि भानसी महापौर झाल्या. तरी फेब्रुवारी २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले तेव्हा बहुमताची मर्यादा दिसली. मालमत्तांचे करयोग्य मूल्य वाढले, मोकळ्या भूखंडांवरही कर लागला, शेतकरी रस्त्यावर उतरले. महासभेने करवाढीला स्थगिती दिली, पण प्रशासन जुमानेना. आयुक्तांवर अविश्वास ठरावाची जुळवाजुळव झाली आणि मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ती बारगळली. नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली, तीही मुंबईच्या आदेशाने.

स्त्रियांचा सभागृहातला शिरकाव आरक्षणामुळे झाला, हे मान्य करायला हवे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या, राज्याने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. २०१७ च्या सभागृहात १२२ पैकी ६१ जागा महिलांसाठी राखीव होत्या. सोडतीत प्रभागाची चिठ्ठी ‘महिला’ निघाली की इच्छुकांच्या फ्लेक्सवर रातोरात फेरफार होतो. भाऊंचा फोटो कोपऱ्यात सरकतो, मधोमध वहिनी येतात. यांतल्या काही जणी पाच वर्षे सह्यांपुरत्या राहतात, तर काही जणी दुसऱ्या वेळेला स्वतःच्या नावावर निवडून येतात.

नळाला पाणी आले नाही की बायका रिकामे हंडे घेऊन शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात येतात. पाणीपुरवठ्याचे अभियंते आयुक्तांच्या हाताखाली, पण हंडे वाजतात ते महापौरांच्या दालनासमोर. आत महापौर बाई असेल तर आवाज आणखी चढतो: ‘ताई, तुमच्या घरी तरी आलंय का पाणी?’