लमेटासॉरस की राजासॉरस?

वेताळ टेकडीवर पायाखाली असतो तो काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. पुण्याखाली तो शेकडो मीटर आहे, त्यामुळे इथे पाया खणताना किंवा विहीर पाडताना डायनोसॉरचं हाड लागत नाही. हाडं असतात ती लाव्ह्याच्या आधी साचलेल्या गाळात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून त्या थराला लमेटा म्हणतात. तो बघायचा तर लाव्ह्याच्या कडेला जावं लागतं. आपल्याकडे वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात तो उघडा पडलाय. तिथे विष्ठेचे दगड झालेले गोळेसुद्धा मिळतात.

मांसाहाऱ्यांच्या नावांचा घोळ मात्र जबलपूरच्या बडा शिमला टेकडीवरचा. १९१७ ते १९१९ या काळात एका ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने तिथे खोदकाम केलं. कमरेची हाडं, एक नडगी आणि कवचाचे तुकडे हे सगळं एकाच प्राण्याचं धरून १९२३ मध्ये त्याने 'लमेटासॉरस इंडिकस' हा चिलखती डायनोसॉर जाहीर केला. १९३५ मध्ये एका भारतीय अभ्यासकाने त्यावर बोट ठेवलं: कवच एकाचं, कंबर आणि नडगी दुसऱ्याची, आणि हा दुसरा मांसाहारी. या लेखाला मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, असं मला ठाम वाटतं. उलट १९६४ मध्ये नाव कवचालाच बांधलं गेलं आणि कंबर बेवारस राहिली. दरम्यान १९३३ मध्ये त्याच टेकडीवरच्या कवटीच्या तुकड्यांवरून इंडोसॉरस आणि इंडोसूकस अशी आणखी दोन नावं पडली होती. ही मंडळी नेमकी कोणत्या कुळातली, हे कळायला १९८५ मध्ये अर्जेंटिनातले त्यांचे भाऊबंद उजेडात यावे लागले.

गुजरातेत बालासिनोरजवळच्या रैयोलीत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गोळा केलेल्या हाडांना २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' हे नाव मिळालं. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, पायांची हाडं, एवढाच ऐवज. कपाळावर एकच बुटकं शिंग, नाकाच्या आणि कपाळाच्या हाडांनी मिळून झालेलं. लगेच प्रश्न आला: हा लमेटासॉरसच नाही कशावरून? दोन्ही एकच निघाले तर नियमाने जुनं नाव टिकतं, नवं जातं.

ताडून बघायला मूळ हाडं लागतात, आणि जबलपूरच्या त्या संचातली कळीची हाडं आज जागेवर नाहीत. मागे उरली ती छापलेली चित्रं. चित्रांच्या भरवशावर, तेही दोन-तीन प्राण्यांची सरमिसळ असलेल्या संचावरून, नव्या हाडांना जुनं नाव चिकटवणं चूकच ठरलं असतं. २००३चा निर्णय योग्यच होता.

लांबीचे अंदाजही असेच हलत राहिले. एकेकाळी ११ मीटरपर्यंत गेलेला राजासॉरस अलीकडच्या हिशेबात साडेसहा मीटरच्या आसपास आलाय. २०१० मध्ये त्याच रैयोलीतून त्याच कुळातला दुसरा मांसाहारी, राहिओलीसॉरस, पुढे आला. म्हणजे जबलपूरच्या त्या कमरेवर हक्क सांगू शकणारे आता चार झालेत.